खुणेचा गिलास

मोतीलाल : हळू काऊन बोलून राह्यला मास्तर? स्टोच्या आवाजात मले काहीच ऐकू नाई आलं. पुन्हा सांग.

प्रेमदास : जरा दबक्या आवाजात बोला ना मोतीलालजी. बाबा समोरच बसलेत, चिंचेखाली.

मोतीलाल : बसले त बसू दे. दोन चहा म्हणाला तू, तेवढं समजलं. एकात साखर कमी, तेही समजलं. त्याच्या फुडं काय म्हणाला?

प्रेमदास : एक चहा... वेगळ्या कपात द्या.

मोतीलाल : थांब. स्टोच बंद करतो. हं, झाला बंद. आता सांग.

प्रेमदास : वेगळा कप. बाबांसाठी. जो तुम्ही नंतर दुसऱ्या कुणाला देणार नाही, असा.

मोतीलाल : हाय राम! हे मले कोण सांगून राह्यलं? प्रेमदास मास्तर सांगून राह्यला? मोतीलालच्या दुकानात येऊन, आपल्या बापासाठी, वेगळा कप?

प्रेमदास : तुम्हाला सगळं माहीत नाही.

मोतीलाल : मले जे माहीत आहे ते सांगतो. दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तू याच जागी उभा होता. संगं पाच पोट्टे. त्या भिंतीत भोक होतं. ते पाह्य, आता लिंपलं मी, डाग दिसते अजून. त्यात दोन कप ठेवे मी तुमच्या लोकाइसाठी. एकाले कान नव्हता. तू हात घातला, काढले, अन् या फरशीवर धाडकन!

प्रेमदास : मला आठवतं.

मोतीलाल : तुले आठवते, मले त रोज दिसते. म्हणाला, "मोतीलालजी, आता कायदा आहे. कायदा नसता तरी फोडले असते." सारी मोटर उतरून पाहून राह्यली होती. मी शेगडीपाशी चिमटा घेऊन उभा. राग आलता मले, खोटं काऊन सांगू? लाज नाई आली मले त्या दिवशी. लाज दुसऱ्या दिवशी आली.

प्रेमदास : दुसऱ्या दिवशी?

मोतीलाल : तुले नाई सांगतलं बापूरावनं? दुसऱ्या दिवशी सकाळीच तुहा बाप आला इथं. मले वाटलं माफी मांगते का भांडते. त्यानं दोन्ही नाई केलं. खाली बसला अन् कपाचे तुकडे येचाले लागला, एक एक. मी म्हटलं, राहू दे, मी झाडतो. म्हणे, "बारीक तुकडे झाडूत येत नाई. बाजाराचा दिवस आहे, बाया लेकरं घेऊन अनवाणी येतात, पायात रुतन." फडक्यात बांधले अन् घेऊन गेला. तवा मले लाज आली मास्तर. त्याच हप्त्यात मी वर्ध्याहून डझनभर कप आणले. निळ्या काठाचे, सारे एकासारखे. आता वेगळा कुठून आणू? वेगळा कप माह्या दुकानात नाई. तूच नाई ठेवला.

प्रेमदास : मोतीलालजी, त्यांच्या तोंडात फोड आहे. डाव्या गालाच्या आतून. दिवाळीपासून आहे, भरतच नाही. वर्ध्याच्या डॉक्टरनं त्याचा तुकडा काढला आणि शिशीत घालून नागपूरला तपासायला पाठवला. आज बारावा दिवस. आज त्याचा कागद यायचा आहे.

मोतीलाल : तपासाले म्हणजे? तो मोठा रोग असन म्हणून?

प्रेमदास : नाव घेऊ नका.

मोतीलाल : मी कुठं घेतलं? लागते काय तो? एकाचा दुसऱ्याले?

प्रेमदास : लागत असला तर? उद्या तुमच्या कपातून दुसरं कुणी पिईल. बाजारातली ती अनवाणी लेकरं पितील. मी शिक्षक माणूस, मला हे कळत असून मी गप्प बसायचं का?

मोतीलाल : म्हणजे लागते असं डॉक्टर म्हणाला?

प्रेमदास : डॉक्टर... काही म्हणाला नाही.

मोतीलाल : तू इचारलं?

प्रेमदास : चहा होऊ द्या ना लवकर.

मोतीलाल : मास्तर, मी तुले इचारून राह्यलो.

प्रेमदास : तुम्ही असं करा. चहा नेहमीच्या कपात द्या, मग तो कप बाजूला ठेवा. मी येताना त्याची किंमत देतो आणि—

मोतीलाल : अन् फोडतो?

बापूराव : प्रेमदास! ए पोरा! इकडं ये जरा.

मोतीलाल : जाय. बुढ्यानं आयकलं.

प्रेमदास : एवढ्या लांबून कसं ऐकतील?

मोतीलाल : स्टो मी बंद केला ना बाप्पा. माहीच चूक.

(दुकानापासून चिंचेपर्यंत पंधरा-वीस पावलांची वाट. प्रेमदास मास्तर ती असा चालला, जसं उशिरा आलेलं पोरगं वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत चालतं. साऱ्या वर्गाची नजर पाठीवर आणि तळहात आधीच हुळहुळलेला. रस्त्यावर मोटरीची धूळ नव्हती. वावरातून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, उघड्या काळ्या मातीवरून ऊन सरकत होतं. म्हातारा धोतराचा सोगा मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यानं बाकड्यावर आपल्या शेजारी जागा केली होती.)

बापूराव : बस.

प्रेमदास : मोटर उशिरा आहे म्हणे. केळझरच्या पलीकडे चाक बसलं तिचं.

बापूराव : बस म्हटलं ना. उभ्या माणसासंगं बोलाले मान वर करा लागते, गाल ताणते माहा.

प्रेमदास : बसलो. दुखतं आहे का फार?

बापूराव : बोलताना दुखते. म्हणून जे बोलाचं ते एकदाच बोलतो, मंग तू पुन्हा इचारू नको. माह्ये कान गेले नाई प्रेमदास. तोंडच गेलं.

प्रेमदास : बाबा, तुम्ही काय ऐकलं मला माहीत नाही, पण मी मोतीलालला फक्त एवढंच—

बापूराव : घरचा गिलासही मले माहीत आहे.

प्रेमदास : कोणता गिलास?

बापूराव : जर्मनचा. कोनाड्यातला. बुडावर कानशीनं दोन रेघा मारल्या तू. त्या कोनाड्यात पहिले आपला म्हसोबा होता. तो तू धाम नदीत सोडून आला. कोनाडा रिकामा झाला म्हणे तुही बायको. मंग त्यात गिलास आला.

प्रेमदास : ती खूण... ती मी भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून केली होती.

बापूराव : आपल्या घरात चार गिलास. अदलाबदल झाली त कोणाचं काय जाते? मले अक्षर येत नाई. तू शिकला, तू मले शिकवाले बसला दोन पावसाळे, तरी नाई आलं. पण हे अक्षर मले वाचता येते पोरा. दुरून वाचता येते. चाळीस वर्ष मी कोतवालाची झोळी घेऊन सेलूले जाये-ये. जिथं चहा पेलो तिथं हे अक्षर वाचलं.

प्रेमदास : बाबा, नका ना असं बोलू.

बापूराव : मी तुले टोचून नाई राह्यलो. मी सांगून राह्यलो कसं राह्यते ते. तवाही कोणी तोंडानं म्हणे नाई का हा कप तुहा. मोतीलालचा बाप कधीच नाई म्हणाला. भला माणूस होता, मले दोन बिस्कुटं ज्यादा दे. फक्त कप भिंतीच्या भोकात दिसे. माणसानं समजून घ्याचं. कधी त्यात माती राहे, एक डाव पालीचं पिल्लू होतं. मी काढो, धुवो, पेवो, पुन्हा धुवो, ठेवो. अन् गंमत सांगू तुले? तवा मले लाज नव्हती वाटत.

प्रेमदास : नव्हती वाटत?

बापूराव : नाई. वारा आहे, ऊन आहे, तसा तो कप आहे. वाऱ्याची कोणाले लाज वाटते? लाज तू फोडला त्या दिवशी वाटली. एकदम. चाळीस वर्षाची लाज एका दिवसात. घरी येऊन मी जेवलो नाई. तुही माय म्हणे, पोराचा राग आला काय? म्हटलं, नाई भागीरथा, पोरानं मले दाखवलं का मी कायच्यातून पेत होतो.

प्रेमदास : आई असती तर तिनं मला तो गिलास ठेवूच दिला नसता.

बापूराव : तुह्या मायनं तुह्या पाठीत लाटणं हाणलं असतं.

प्रेमदास : हाणायला पाहिजे होतं.

बापूराव : आता सांग. काऊन केलं? मास्तराचं उत्तर नको देऊ. घरचं दे.

प्रेमदास : जयवंतासाठी.

बापूराव : हं.

प्रेमदास : पोरगी तुमच्या ताटातच जेवायची. तुम्ही भाकर कुस्करायचे दुधात, तुमच्याच बोटानं तिला भरवायचे, राहिलेलं तुम्ही खायचे. तुकडा काढला त्या दिवशी डॉक्टरनं मला व्हरांड्यात गाठलं आणि तो शब्द बोलला. म्हणाला, असेल असं नाही, पण असू शकतो. मी घरी आलो. पाहिलं तर जया तुमचा गिलास तोंडाला लावून बसलेली. माझ्या अंगातून... बाबा, तुम्ही मला मारा पाहिजे तर. मला तुमचा गिलास दिसला नाही. मला तो फोडच दिसला, तिच्या ओठाशी.

बापूराव : अन् डॉक्टरले काऊन नाई इचारलं, लागते का नाई ते?

प्रेमदास : लाज वाटली.

बापूराव : कायची?

प्रेमदास : विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की मी बापाला दूर ठेवायला निघालो. आणि तो डॉक्टर बामण. तो मनात म्हणाला असता, पाहा, हे बाहेर भाषणं करतात, आणि घरात... मला गावात सगळे मास्तर म्हणतात. मी दीक्षेचं सांगायला अल्लीपूरपर्यंत सायकलीनं गेलो. मी कुठल्या तोंडानं विचारू की बापाचा कप वेगळा ठेवू का?

बापूराव : म्हणून न इचारता ठेवला.

प्रेमदास : हो. न विचारता ठेवला.

बापूराव : मी इचारलं.

प्रेमदास : काय?

बापूराव : त्याच दिवशी. तुकडा काढताना रक्त पाह्यलं अन् तू बाहेर गेलता. गेलता का नाई?

प्रेमदास : गेलतो. मला भोवळ आली. त्याचीही लाज आहे मला.

बापूराव : तुले लहानपणापासून रक्त सोसत नाई, त्यात काय. तू बाहेर, मी खुर्चीवर. तोंडात एवढा कापसाचा बोळा. बोलता येईना. डॉक्टर हात धुवून राह्यला होता. मी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा गिलास उचलला, माह्या तोंडाले दाखवला. मंग हात असा केला, कमरेच्या खाली, जयवंताच्या उंचीएवढा. अन् तो हात तिच्या तोंडाले नेला. त्याले पहिले समजलंच नाई. त्याले वाटलं मी पाणी मांगून राह्यलो. पुन्हा केलं. तिसऱ्या डावाले समजलं त्याले. तो बामण माह्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला माह्या. म्हणाला, "नात आहे का? जेवू द्या तिला तुमच्या ताटात. हा आजार कपानं, ताटानं लागत नाही. असला तरी लागत नाही."

प्रेमदास : लागत नाही?

बापूराव : लागत नाई.

प्रेमदास : असं डॉक्टर म्हणाला? त्याच दिवशी?

बापूराव : पुन्हा इचारू नको म्हटलं ना. गाल दुखते.

प्रेमदास : मग बारा दिवस... तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही त्या गिलासातून पाणी पीत राहिले. माझ्यासमोर. मी समोर बसून भात कालवत होतो, आणि तुम्ही उठून कोनाड्यातून तो गिलास घ्यायचे, धुवायचे, परत ठेवायचे.

बापूराव : धुवाची सवय होतीच.

प्रेमदास : का नाही सांगितलं मला? एक शब्द का नाही बोललात?

बापूराव : दोन दिवस त बोळाच होता तोंडात. तिसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण तवापर्यंत गिलास कोनाड्यात बसला होता. तू कानस घेऊन ओट्यावर बसलता, मी खाटेवरून पाहून राह्यलो होतो. पुन्हा पुन्हा कानस मारली तरी रेघ सरळ येईना. मले वाटलं, भेव धरून ठेवाले माणसाले काहीतरी लागते. कोणी दंडाले गंडा बांधते, कोणी कोंबडं कबूल करते. आपण ते सारं सोडलं. तुह्या हाताले तो गिलास लागला. म्हटलं राहू दे, कागद येईपर्यंत.

प्रेमदास : राहू दे? आणि तुमचा अपमान झाला तो?

बापूराव : अन् सांगतलं त तू खाली पाहाशीन, हे मले माहीत होतं. तू कप फोडला त्या दिवशी या रस्त्यानं मान वर करून चालला होता. ते चालणं मले पाहात राहावंसं वाटे. ते माह्याच हातानं काऊन मोडू?

प्रेमदास : कांताला माहीत आहे हे?

बापूराव : कांताले पहिल्या दिवशीच सांगतलं. बोळा होता तरी खुणेनं सांगतलं. तिले डॉक्टरपेक्षा लौकर समजलं.

प्रेमदास : ती मला म्हणायची, बाबांचा गिलास राखेनं वेगळा घासते.

बापूराव : एक दिवस नाई घासला वेगळा. साऱ्या भांड्यात टाके. तुह्यावर लय चिडली होती. म्हणे, "मी त्याईले तोंडावर सांगतो, तो गिलास डोक्यात घालतो त्याइच्या." मीच हातापाया पडलो. म्हटलं, सुनबाई, मी सांगीन, माह्या येळेनं सांगीन.

प्रेमदास : आणि जया?

बापूराव : जाऊ दे ते.

प्रेमदास : नाही बाबा. जया काय?

बापूराव : तू शाळेत गेला का जयवंता माह्या ताटात. रोज. तुह्या सायकलीची घंटी वळणावर वाजली का तिची माय तिले उचलून घेऊन जाये. मंग चार-पाच दिवसानं उचला नाई लागे. घंटी वाजली का ती आपोआप उठे, तोंड पुसे अन् पळे कोपऱ्यात. खदाखदा हासे. तिले वाटे खेळ आहे.

प्रेमदास : माझी पोरगी माझी घंटी ऐकून तुमच्या ताटावरून उठते.

बापूराव : लहान आहे. इसरून जाईन.

प्रेमदास : मी नाही विसरणार. बाबा, तुमचा बाप सांगायचा ना, बामणवाड्यातून जाताना ओरडत जावं लागे, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. मी मुलांना वर्गात हे सांगतो. डोळ्यात पाणी आणून सांगतो. आणि घरी माझी घंटी...

बापूराव : बस झालं. एवढं नको वाढवू त्याले. ते वेगळं, हे वेगळं. त्याइच्या मनात आमच्याबद्दल किळस होती. तुह्या मनात भेव होतं.

प्रेमदास : दिसायला सारखंच होतं.

बापूराव : दिसाले सारखं होतं. ते खरं आहे. म्हणूनच त मले एवढं लागलं. आता सांगतो तुले, गिलासाचं नाई लागलं. तू मले म्हटलं असतं, "बाबा, मले भेव लागते, काही दिवस गिलास वेगळा ठेवू," त मी स्वतः बाजारातून आणला असता, मीच रेघा मारल्या असत्या. सरळ मारल्या असत्या. माह्या पाठीमांगून ठेवला, ते लागलं. तोंड पूस. मोतीलाल पाहून राह्यला.

प्रेमदास : पाहू द्या.

बापूराव : आता दुसरं इचारतो. डॉक्टरपाशी तू काल पोस्टमनजवळ चिठ्ठी धाडली. काय लिहिलं तीत?

प्रेमदास : कोण म्हणालं चिठ्ठी?

बापूराव : पोस्टमन माह्यासंगं कोतवाली केलेला माणूस आहे. थैलीत काय जाते ते मले सांगते.

प्रेमदास : लिहिलं की... कागद आला की माझ्याशी एकट्याशी बोला. वडिलांसमोर काही बोलू नका. चांगलं असो, वाईट असो, त्यांना सांगा की फोड साधा आहे, मलम देतो.

बापूराव : हेही माह्या मांगून.

प्रेमदास : तुम्ही खचू नये म्हणून.

बापूराव : मले बाराव्या दिवशीही भाकरीची चव येत नाई, झोपेत गालावर हात जाते. मी खचलो का नाई हे तुले चिठ्ठीतून समजते काय? मले भेव नाई असं समजू नको. लय भेव आहे. सकाळी मोटीवर बैल हाकाले गेलो त दोर हातात धरून तसाच उभा राह्यलो, बैल मांगं वळून पाहात. म्हटलं, बैलाइले समजलं, घरच्याइले नाई समजत.

प्रेमदास : बा...

बापूराव : काय?

प्रेमदास : बा, मले भेव लागते. लय भेव लागते. माय गेली तवा तू होता. आता तूही... मी काय करू रे बा? मले काहीच समजत नाई. मी साऱ्या गावाले सांगतो असं करा, तसं करा. घरात आलो का हातपाय गळतात.

बापूराव : हं. हे बारा दिवस आधी बोलला असता त दोघं मिळून भेलो असतो. एकट्यानं भेणं लय कठीण आहे रे. मी खाटेवर एकटा, तू ओट्यावर एकटा.

प्रेमदास : चुकलो.

बापूराव : तुही माय जात्यावर म्हणे ते आठवते तुले?

"माहेराच्या वाटे बाई, काटा मोडला पायात,
काट्याले काटा म्हण, नको ठेवू तू मनात."

मी हासो तिले. म्हणो, काट्याले काटा म्हटल्यानं तो निंघते काय? ती म्हणे, "निंघत नाई, पण पाय कुठं ठेवाचा ते समजते."

प्रेमदास : ओवी पुरती अशी होती का? मला पहिलीच ओळ आठवते.

बापूराव : फुडची तिनं जोडली होती. तिचं काही भरोशाचं नव्हतं, आज एक म्हणे, उद्या दुसरी. ते सोड. त्या रोगाचं नाव काय?

प्रेमदास : कोणत्या?

बापूराव : डॉक्टरनं व्हरांड्यात तुले जे सांगतलं. बारा दिवस साऱ्या घरात तो फिरून राह्यला अन् कोणी नाव घेत नाई. कांता म्हणते "ते". तू म्हणते "तसं काही". नाव काय त्याचं?

प्रेमदास : कॅन्सर.

बापूराव : कॅन्सर. एवढंसंच आहे नाव?

प्रेमदास : एवढंसंच.

बापूराव : मी समजत होतो लय मोठं असन.

मोतीलाल : घ्या बापूराव, चहा. पह्यलेच सांगतो, दोन्ही कप निळ्या काठाचे आहेत. कोणाले पटत नसन त त्यानं माह्यावर कायद्यानं खटला करावा.

बापूराव : मोतीलालशेठ, लय दिवस झाले तुमाले हासताना पाहून.

मोतीलाल : मी कुठं हासून राह्यलो? मी भेऊन राह्यलो. तुमच्या पोरानं पुन्हा कप फोडला त मले आता डझन आणाची ताकद नाई. मास्तर, तू असं रडवं तोंड करून बसशीन त मोटरीतले लोक म्हणतीन मोतीलालच्या चहात मीठ पडलं.

प्रेमदास : मोतीलालजी, मी मघा जे बोललो—

मोतीलाल : मघा स्टो चालू होता. मले काहीच ऐकू नाई आलं.

बापूराव : तुमी स्टो बंद केलता शेठ. म्हणून त मले ऐकू आलं.

मोतीलाल : तुमी बाप-लेक दोघंही खरं बोलाले लागले त माहा धंदा कसा चालन? घ्या, गरम आहे. बापूराव, बशीत वतून देऊ काय? गाल पोळन.

बापूराव : माहा पोरगा देईन वतून.

प्रेमदास : द्या इकडे. हं. निवू द्या थोडं... आता घ्या.

बापूराव : तू पे पहिले.

प्रेमदास : ही तुमची बशी आहे.

बापूराव : म्हणूनच म्हटलं.

प्रेमदास : असं नका करू बाबा. परीक्षा नका घेऊ माझी. मी आता पिऊन दाखवलं तर ते दाखवणं होईल. मला एवढ्या लवकर सुटायचं नाही.

बापूराव : हं. हे बराबर बोलला. माहंच चुकलं. आण इकडं.

मोतीलाल : धूळ दिसून राह्यली तिकडं. मोटरच असन. बसाले जागा भेटते का नाई पाहतो. ड्रायव्हर माह्या ओळखीचा आहे, बापूरावले फुडं बसवतो.

बापूराव : फुडं नको शेठ. आमी दोघं मांगं बसतो. एकमेकासंगं.

प्रेमदास : बाबा, डॉक्टर मला आत बोलावेल. ती चिठ्ठी त्याला मिळाली असेल.

बापूराव : जाय तू आत. मले इंग्रजी समजत नाई, तुमी दोघं इंग्रजीत बोला, कागद पाह्य, जे इचाराचं ते इचार. या डावाले सारं इचारजो. लाजू नको. मी बाहेर बसतो, निंबाखाली ओटा आहे तिथं.

प्रेमदास : आणि मग?

बापूराव : मंग माह्यापाशी ये. जे असन ते.

प्रेमदास : वाईट असलं तर?

बापूराव : वाईट असलं त वाईट. चांगलं असलं त चांगलं. पण मांगून नको.

प्रेमदास : माझ्यानं बोलवेल की नाही माहीत नाही. तुमच्या तोंडाकडे पाहून...

बापूराव : माह्या तोंडाकडं पाहू नको मंग. बाजूले बस, असाच, आता बसला तसा. रस्त्याकडं पाहात सांग.

प्रेमदास : सांगीन.

बापूराव : तिथं माठ आहे कोपऱ्यात, त्याच्यावर एकच गिलास साखळीनं बांधला आहे, सारे त्यातूनच पेतात. घाई नाई आपल्याले. बाहेर आला का पहिले तू पाणी पेजो. मंग सांगजो.